चालू इंजिन, सपाट जागा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापूरला लेकीकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, एका डोळ्यावर पट्टी होती आणि मी चाचपडत शेंगा सोलत बसले होते. धाराशिवहून मुलाचा फोन. "आई, आत्या गेली. दुपारी जेवून पडली, चहाला हाक मारली तर..." मला रडू आलं नाही, खोटं कशाला सांगू. आधी थकवा आला. कशाचा ते कळेना, पण बसल्या जागेवरून उठवेना. लेक पाणी घेऊन आली, ते मी प्यायले आणि राहिलेल्या शेंगा सोलून टाकल्या.

दिवस झाले, माणसं येऊन गेली. कुणी देवमाणूस म्हणालं, कुणी त्यागमूर्ती. मी मान हलवत राहिले. नणंदेबरोबर एका घरात जन्म काढलेल्या बाईला त्यागमूर्ती वगैरे सांगू नये. आक्का चिडक्या होत्या. चहा कोमट झाला तर कप परत पाठवायच्या. माझ्या हातच्या भाकरीला आयुष्यात कधी चांगली म्हणाल्या नाहीत, आणि दुसऱ्या कुणी नाव ठेवलं तर त्याचं ताट उचलायला निघायच्या. लोकांच्या बोलण्यातून त्या हळूहळू गुळगुळीत व्हायला लागल्या, म्हणून हे लिहायला घेतलं.

लहानपणी तापात आक्कांचा डावा पाय लुळा पडला तो कायमचा. तेव्हा निजामाचं राज्य. पोरीचं लग्न होणं अवघड, तर शिकू दे, असं म्हणून सासऱ्यांनी त्यांना हैदराबादला ठेवलं आणि त्या डॉक्टर होऊन परत आल्या. येताना बोलण्यात फुरसत, ख्याल, बेकार असे शब्द घेऊन आल्या आणि त्यावरून सासूबाईंची बोलणी खात राहिल्या. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी दवाखाना थाटला. पण बाळंतपणाची बाई दवाखान्यात येते कुठं? बेंबळीची बाई बेंबळीतच अडते, तेरची तेरला. बैलगाडीनं जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. आक्का एकदा मला म्हणाल्या होत्या, "मी पोचते तवा बाई हळदीकुंकू लावून निजवलेली असती गं."

मी लग्न होऊन आले तेव्हा गाडी दारात होती. संस्थान विलीन झालं, जहागिऱ्या गेल्या, आणि हैदराबादच्या एका जहागीरदारानं आपला पसारा आवरायला काढला. त्याची बेगम आक्कांची जुनी पेशंट. बंगल्यातलं सगळं हातोहात गेलं, पण एक भलीमोठी अमेरिकन गाडी कुणी घेईना, कारण तिला क्लच नव्हता. ॲटोमॅटिक. गिअर आपोआप पडायचे. त्या काळात तिकडच्या ड्रायव्हरांनासुद्धा ते थोतांड वाटायचं. आक्कांना मात्र ती गाडी बघताक्षणी कळलं की इथं डाव्या पायाला काही कामच नाही. जहागीरदाराच्या आळसाला आणि आक्कांच्या पायाला, अशी दोघांनाच ती गाडी सोयीची होती. धाराशिवच्या स्टँडमागच्या मिस्त्रीनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा गंभीर होऊन म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमाला फसवलं. एक पायडल काढून घेतलंय."

गाडीबरोबर तिचा म्हातारा ड्रायव्हर धाराशिवपर्यंत आला होता. जाण्याआधी त्यानं आक्कांना बॉनेट उघडून दोन पट्ट्या दाखवल्या. एक इंजिनच्या तेलाची, ती गाडी बंद करून बघायची. दुसरी गिअरच्या तेलाची. तिच्याबद्दल तो जे बोलला ते आक्का त्याच्याच सुरात म्हणून दाखवायच्या. "बाई, इसकू चालू में देखना, गरम में देखना. बंद कर को देखे तो झूट बोलती." म्हणजे गाडी चार-पाच मैल पळवून आणायची, सपाट जागेवर उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं. ब्रेकवर पाय दाबून स्टिअरिंगजवळची दांडी एकेका गिअरमधून फिरवायची आणि परत जागेवर आणायची. मग पट्टी उपसायची, पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये तेल पाहिजे. लाल पाहिजे. काळपट दिसलं, जळका वास आला, तर गिअरबॉक्सचं काही खरं नाही. हे काम दोघांचं. एक आत ब्रेकवर, एक बाहेर पट्टीवर. आत आक्का आणि बाहेर नवी सून.

आमची गल्ली उताराची. धाराशिवात सपाट जागा शोधायची म्हणजे तशी कठीणच, तेव्हा आम्ही सरकी-कापसाच्या जिनिंगच्या आवारात जायचो. संध्याकाळी गावाहून परत येताना गाडी आधी तिथं थांबायची. मी पदर खोचून बॉनेटखाली वाकायची. पुढं पंखा गरगरत असायचा, आतून आक्कांचा आवाज यायचा, "सुमन, पदर! पदर बघ आधी, मग तेल." जुन्या धोतराचा, धागा न सुटणारा एक तुकडा माझ्या कमरेला असायचा. हमाल काम टाकून बघत उभे राहायचे. एकानं एकदा विचारलंच, "वहिनी, गाडीला ताप हाय का?" थर्मामीटर बघतात तशी मी पट्टी उजेडात धरायची ना! आक्का आतून म्हणाल्या, "व्हय, रोज संध्याकाळी येतो." मला त्या वेळी वाटायचं, कुठं येऊन पडलो आपण. बार्शीच्या मैत्रिणी मंगळागौरी करतायत आणि मी तेलकट हातानं जिनिंगमध्ये उभी. पण एक सांगते, नणंद-भावजयीचं जे काही व्हायचं ते आमचं त्या बॉनेटवरच झालं. एकीनं ब्रेक सोडला असता तर दुसरी गेली असती. असं रोज करताना फार दिवस धुसफुस ठेवता येत नाही.

ड्रायव्हरचं ते वाक्य आक्कांनी पेशंटलाही लावलं. दवाखान्यात येऊन बाकावर बसलेली बाई, कशी आहेस विचारलं की, "बरी हाय" म्हणायची. आक्का म्हणायच्या, "बसलेली बाई खोटं बोलती. चालू असताना बघावी." म्हणून त्या गावात गेल्या की आधी घरात शिरायच्या, बाई जात्यावर किंवा चुलीपुढं असताना तिच्याकडं बघत उभ्या राहायच्या. श्वास कसा लागतो, उठताना हात कुठं टेकते. मग तिला बसवायच्या आणि सासूला झापायच्या.

गाडी चांगली होती, पण म्हातारी होत होती. कुठून तरी गळायची. सकाळी खाली लाल ठिपके दिसायचे. इंजिनचं तेल धाराशिवात मिळायचं, हे लाल तेल मिळायचं नाही. हैदराबादहून ओळखीच्या माणसाबरोबर डबा यायचा, तो पुरवून पुरवून वापरायचा. आधी दर महिन्याला थोडं घालावं लागे, मग दर आठवड्याला. शेवटी डबा खडखडला आणि नवा काही येईना. ज्याच्याकडून यायचा त्यानं कळवलं, माल बाहेरून येणं बंद आहे, बघतो. आमच्या घरात संध्याकाळी दुसरं बोलणं उरलं नाही. तेल कमी झालं. तेल संपत आलं. तेल नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर आक्का पुन्हा बैलगाडीत. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोलापूर पालथं घातलं. आक्का जेवता जेवता थांबायच्या, म्हणायच्या, "खुणेच्या खाली गेलंय. आणखी एक खेप निघंल, फार तर दोन." आणि ओट्यावर वाती वळत बसलेल्या सासूबाई हे सगळं ऐकायच्या. त्या कधी मधे बोलायच्या नाहीत. लंगड्या लेकीचा जीव त्या गाडीत आहे एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, आक्कांचे चिमटे, कात्र्या, कानाला लावायची नळी. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विश्रांती. गाडी मी धुतली, बॉनेट उघडून पुसलं. सासूबाई म्हणाल्या, "ती पट्टी पन आन की. रोज तिचंच तोंड बघता सकाळ-संध्याकाळ." आक्का हसल्या आणि स्वतःच पट्टी काढून पाटावर ठेवली. सासूबाईंनी सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं, दिवा लावला. आक्का दवाखान्यात जाऊन पडल्या, मी पुरणाला लागले. गाडीचं बॉनेट उघडंच होतं.

दसऱ्याच्या सकाळी बेंबळीहून माणूस आला. सायकलवर. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. आक्कांनी पिशवी घेतली, मी पट्टी पुसून जागेवर बसवली आणि गाडी काढली. बेंबळीचा रस्ता धरण्याआधी एकदा तेल बघायचंच होतं, कारण मागच्या खेपेला ते खालच्या खुणेला जेमतेम टेकलं होतं. तुळजापूरच्या रस्त्यानं गाडी तापवून आणली, जिनिंगमध्ये उभी केली. मी पट्टी उपसली. तेल वरच्या खुणेला... मी पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. वरच्या खुणेलाच. आणि वास आला. जळका नव्हे. आमच्या स्वयंपाकघरात सणाच्या दिवशी कढई तापते तेव्हा येतो तो.

मी म्हटलं, "आक्का, भज्यांचा वास येतोय."

त्या उतरल्या, टाचेवर जोर देत पुढं आल्या, पट्टीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग बॉनेटला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. बेंबळीचा माणूस जिनिंगच्या फाटकाशी येऊन थांबला होता, तो सायकल धरून आमच्याकडं बघत होता.

घरी वळून आलो. सासूबाई दारात रांगोळी घालत होत्या. आक्कांनी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, अगदी आनंदानं. घाण्यावरून आणलेलं ताजं करडीचं तेल, त्यात कुंकू कालवून, म्हणजे तुमच्या तेलासारखंच लाल, आणि नरसाळ्यानं पट्टीच्या नळीतच ओतलं, सुमन ओततीया तिथंच. "त्या हैदराबादवाल्याच्या तोंडाकडं किती दिस बघायचं? आपल्या रानातली करडी हाय. देवीचं नाव घेऊन घातलंय. जा आता कुठं जायचं तिथं."

मी आक्कांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता फुटणार. थंड चहाला कप परत पाठवणारी बाई ती. पण दारात तो माणूस उभा होता आणि दुसरं तेल गावात नव्हतं. एसटी दुपारची. आक्का म्हणाल्या, "बरं केलंस." आणि त्या माणसाला मागं बसवून गाडीत बसल्या.

सपाटीला गाडी गेली. चढ आला की इंजिन ओरडायचं आणि गाडी हलायची नाही, मग एकदम हिसका देऊन पुढं सरायची. वास तर असा की शेतातली माणसं माना वर करून बघायची. आक्का स्टिअरिंग धरून पुढं वाकून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. एका चढावर गाडी उभीच राहिली. त्या माणसानं, मी आणि वाटेतल्या दोघा-तिघांनी ढकलली. आक्का उतरल्या असत्या तर गाडी हलकी झाली असती, पण त्यांना उतरून पुन्हा चढायला वेळ लागायचा. बेंबळीच्या वेशीत गाडी पोचली आणि तिथंच थांबली. बाई वाचली, पोरगी झाली, पायाळू होती. आक्का हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दांडी पुढं टाकली, मागं टाकली. इंजिन चालू, गाडी जागची हलेना.

बेंबळीकरांनी बैल जुंपून गाडी धाराशिवला आणली. दसऱ्याचा दिवस, त्यांना कोण उत्साह. बॉनेटवर आपट्याची पानं टाकली, कुणी हलगी घेऊन पुढं झालं. स्टिअरिंगवर आक्का. लोक रस्त्याच्या कडेनं सोनं देत होते, त्या एका हातानं घेत होत्या. मी शेजारी बसून रडत होते आणि लोकांना वाटत होतं बाळंतपण सुखरूप झालं म्हणून. दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. ओवाळून टाकताना एवढंच विचारलं, "पोचली का गं येळंवर?"

आक्का म्हणाल्या, "पोचले आई. तुझ्याच तेलावर पोचले."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सोलापूरच्या मिस्त्रीनं नंतर गिअरबॉक्स उघडला. करडीचं तेल तापून आत रोगण झालं होतं, सगळं चिकटलेलं, त्यात कुंकवाचा गाळ. सुटे भाग परदेशातून येणार कसे, ते काही आले नाहीत. मिस्त्रीला आक्कांनी अंगणाच्या पार टोकाला नेऊन बोलायला लावलं आणि घरात सांगितलं, गाडीचं वय झालं. मला आणि माझ्या नवऱ्याला ताकीद होती. सासूबाई जिवंत असेपर्यंत आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायच्या, आपल्या तेलावर गाडी बेंबळीला कशी गेली, पोरगी कशी झाली. आक्का शेजारी बसून व्हय म्हणायच्या. फक्त तळलेलं खायचं त्यांनी सोडलं. पित्त होतं म्हणाल्या. सासूबाईंना ते खरं वाटलं.

गाडी गेल्यावरचे दिवस लांबलचक आहेत आणि त्यांत सांगण्यासारखं काही नाही. आक्का एसटीनं जायला लागल्या. कंडक्टर ओळखायचे, पुढची जागा द्यायचे, पण एसटी गावाबाहेर सोडते आणि बाई गावात अडते. मधला रस्ता चालायचा. सोलापुरात एका चांभाराकडून त्यांनी डाव्या पायाला जाड तळव्याचा बूट करून घेतला होता, तो फेंगडा व्हायचा, पुन्हा तळवा लावायचा, पुन्हा फेंगडा. पावसाळ्यात काळ्या मातीत तो असा जड व्हायचा की उचलताना त्यांच्या तोंडातून आवाज निघे. मी बरोबर असले की म्हणायची, टेका जरा. त्या म्हणायच्या, "बसले की उठवत न्हाय." पहिल्यांदा तेर सुटलं, मग लांबच्या वाड्या सुटल्या. शेवटी बेंबळीही सुटली. ज्यांना येता आलं त्या दवाखान्यात आल्या. ज्यांना येता आलं नाही त्यांचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगायला आलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आक्का ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायच्या. त्या वयानं दमल्या असं लोक म्हणतात. त्या तेव्हाच दमल्या होत्या, चाळिशीच्या आसपास.

सोलापूरला ऑपरेशनला निघाले त्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले. आता ती शेवटची भेट ठरली. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा मी विचारून टाकलं, जे कधी विचारलं नव्हतं. "आक्का, तुम्हाला आईंचा राग नाही आला कधी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं, आता कप परत. "आला की," त्या म्हणाल्या. "लई आला. एसटीची वाट बघताना रोज आला. चिखलात तर शिव्या दिल्या मी तिला, मोठ्यानं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय, तेल भाईर निघणार हुतं?" मग डोळे मिटून म्हणाल्या, "ती सगळा जन्म माझ्या पायाकडं बघून रडली गं. तेवढा एक दिवस तिला वाटलं, आपण पोरीचं काईतरी केलं. ते काढून घेयाला ताकद लागती... माझ्याकडं न्हवती. जा आता, तुझी गाडी चुकंल."

यंदा घरात सण नव्हताच, पण खंडेनवमीचा पाट मांडला. सुनेनं विचारलं, आत्यांचं काय मांडायचं? कात्र्या, चिमटे मुलानं आधीच सरकारी दवाखान्यात देऊन टाकले होते, त्यांच्याच सांगण्यावरून. मी माळ्यावरून तो बूट काढायला लावला. सून घुटमळली. "आई, पायातलं... देवापुढं?"

मी म्हटलं, मांड. तिनं तो फडक्यानं पुसला, विळ्याशेजारी ठेवला. कातडं वाळून भेगाळलं होतं, जीभ वर वळली होती. तिला वाईट वाटलं असावं. समईजवळची तेलाची वाटी तिनं उचलली, म्हणाली, थोडं चोळते, मऊ पडेल.

"कुंकू लाव," मी म्हणाले. "तेल नको."